प्रतिसाद: स्टोन्सचा तो मोकळा गिटार

‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक बँडचं ‘स्टार्ट मी अप’ गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवलं की रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) गढूळ का होतो, असं वर विचारलंय. बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स ते पाच तारांवर, ओपन जीमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशा जुळणीत) वाजवतो. सहावी तार काढा, पाचवी ए वरून जी आणि पहिली ई वरून डी करा. बाकी तीन तशाच. पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) सगळ्या तारांवर आडवं बोट म्हणजे सी. ते न उचलता मधलं बोट दुसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर, अनामिका चौथ्या तारेच्या सातव्यावर, झाला एफ. सगळी गंमत या दोन बोटांच्या उघडझापीत आहे! डिस्टॉर्शन (आवाजातला खरखरीतपणा) मात्र कमीच ठेवा, नाहीतर सूर एकमेकांत मिसळतात. सैल केलेल्या तारा घसरतात, म्हणून आधी हव्या सुराच्या खाली उतरा आणि मग वर चढवत जुळवा.

आणि स्टोन्सच्या ‘हॅकनी डायमंड्स’ अल्बममध्ये (२०२३) त्यांचा जुना ड्रमर चार्ली वॉट्स नाहीच, असं वर म्हटलंय, ते बरोबर नाही. ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’वर ड्रम्स त्याचेच आहेत, दुसऱ्यात तर बेसवर त्यांचा जुना बेसवादक बिल वायमन. बाकीचे ड्रम्स स्टीव्ह जॉर्डनचे. हेडफोन लावून हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) ऐका: चार्ली स्नेअर (ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम) मारताना हाय-हॅटवरचा ठोका गाळायचा, तालाला श्वास तिथेच मिळतो.