गरोदरपणातली एचआयव्ही चाचणी: नाही म्हणता येतं का? आणि बाळाची सक्तीने करावी का?

बाळीवेसकर: सोलापुरात कुठेही नाव नोंदवलं की पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्या ओळीत एचआयव्हीही असते. विचारतं कोण? पण दुसरी बाजूही आहे. आईने नाही म्हटलं तर बाळाचं काय? निदान जन्मलेल्या बाळाची चाचणी तरी सक्तीची का नको?

समुपदेशन_कक्ष: आधी एक गैरसमज काढू. जन्मल्या जन्मल्या बाळाची साधी प्रतिपिंड (विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती द्रव्यं) चाचणी केली तर ती बाळाची नसतेच, आईची असते. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात येतात आणि 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणजे बाळाची सक्ती ही आईचीच सक्ती, तीही तिला न विचारता. बाळाला खरंच लागण झालीय का, हे विषाणूच्या चाचणीने कळतं: सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब खास कागदी कार्डावर घेतात, सावलीत पूर्ण सुकवतात, मग प्रयोगशाळेत पाठवतात. कार्ड ओलंच पाकिटात घातलं तर नमुना वाया जातो.

कलम_पाच: कायदा स्पष्ट आहे. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही, आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन हवं. 'चाचणी करा, तरच बाळंतपण करू' ही अटही बेकायदा. केसपेपरवर घाईत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. शासकीय केंद्रात चाचणी सगळ्यांना सुचवतात, बाईने नको म्हटलं तर करत नाहीत. नको म्हणायची सोय आहे हे तिला सांगितलंच नाही, तर ती सोय कागदावरच राहते.

डॉ_होटगीरोड: कायदा मान्य, पण आकडेही बघा. काहीच उपचार नसले तर लागण 15 ते 45 टक्के बाळांना होते. आईची औषधं वेळेत सुरू झाली की ती 5 टक्क्यांच्या खाली येते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 1997 मध्ये नवजातांची चाचणी सक्तीची केली, ती याच काळजीपोटी.

समुपदेशन_कक्ष: काळजी खरी, पण प्रसूतीनंतरच्या सक्तीने गरोदरपणातले महिने परत मिळत नाहीत. सगळा फायदा आईची गोळी लवकर सुरू होण्यात आहे. सक्तीच्या भीतीने बाई शेवटच्या महिन्यापर्यंत दवाखान्याची पायरीच चढली नाही, तर हरलो. ऐन कळा सुरू असताना, नाव न नोंदवता आलेल्या बाईलाही चाचणी सुचवता येते. बोटातल्या थेंबाचा निकाल अर्ध्या तासात येतो. तो पॉझिटिव्ह आला तर पक्का धरायचा नाही, केंद्रात वेगळ्या किटांनी पडताळणी होते. पण त्या पडताळणीची वाट बघत औषध थांबवायचं नसतं. बाळाला नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधाचं सिरप जन्मानंतर लगेच, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत, पुढे 6 आठवडे रोज. जोखीम जास्त असेल तर डॉक्टर औषध किंवा मुदत वाढवतात.

आता सोलापूरची खरी गळती. पहिलं बाळंतपण माहेरी, मग ते अक्कलकोट असो, इंडी असो की विजापूर. सवा महिना झाला की बाई सासरी निघते. सहावा आठवडा म्हणजे 42 दिवस, नेमका तोच मुहूर्त! एका गावात नोंद, दुसऱ्या गावात बाळ. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं तर विचारूच नका. म्हणून डिस्चार्जच्याच दिवशी सासरजवळचं केंद्र ठरवा, तारीख तिच्या कार्डावर लिहा आणि निरोप कोणत्या नंबरवर द्यायचा हे तिलाच विचारा. सासूच्या मोबाइलवर फोन गेला की गुप्तता संपली.

बाळीवेसकर: आणि नवऱ्याला कोण सांगणार?

कलम_पाच: शक्यतो ती स्वतः, समुपदेशकाच्या मदतीने. डॉक्टर किंवा समुपदेशकाला जोडीदाराला कळवायची मुभा आहे, पण तिला आधी सांगून, समुपदेशन करून. मारहाण किंवा घराबाहेर काढण्याची रास्त भीती असेल तर कळवायचं नाही, हे कायद्यातच आहे. फाइलवर लाल खूण, कोपऱ्यातली वेगळी खाट, वॉर्डात मोठ्याने पुकारलेला रिपोर्ट: यातलं काहीही चालत नाही.

डॉ_होटगीरोड: गुप्ततेचं पटलं. सक्तीचा आग्रह सोडतो, पण एक जोडा: पहिल्यांदा नको म्हणणारीला पुढच्या प्रत्येक भेटीत न दटावता पुन्हा विचारा. सातव्या महिन्यातला होकारही बाळासाठी उशिराचा नसतो.

बाळीवेसकर: आणखी शंका असल्या तर?

समुपदेशन_कक्ष: 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाइन, मोफत. सिव्हिलमध्येही समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र आहे.