मदत हवी आहे : १०,००० मीटर सोडून मॅरेथॉनकडे वळावे का?

नमस्कार. माझी धाकटी बहीण गेली सहा वर्षे १०,००० मीटर धावते आहे. आता ती २६ वर्षांची असून तिने मॅरेथॉनलाच पूर्णवेळ व्यवसाय मानावे, असे तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे आहे. ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीला तीन-चार महिने आणि नंतर सक्तीची विश्रांती, म्हणजे वर्षाकाठी दोन, फार तर तीन शर्यती. त्यांतली एक जरी दुखापतीने हुकली तरी कमाईचा मोठा वाटा बुडतो. वयाची भीती मला तितकीशी नाही, कारण कॉन्स्टँटिना डिटा हिने २००८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक ३८ व्या वर्षी मिळवले, तर पॉला रॅडक्लिफ हिने बाळंतपणानंतर दहाच महिन्यांत, २००७ मध्ये, न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली (अर्थात सगळ्याच जणी पॉला नसतात).

खरी काळजी वेगळीच आहे. सरावाचे अंतर वाढवल्यापासून तिला तीन महिने पाळी आलेली नाही आणि प्रशिक्षक ते स्वाभाविक मानतात. परंतु श्रमांच्या मानाने आहार कमी पडला की पाळी थांबते व हाडे कमकुवत होतात, हे वाचल्यापासून मला ते पटत नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे की क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना? तसेच प्रायोजकाच्या करारात गरोदरपण आणि दुखापतीच्या काळातील मानधनाबाबत नेमकी कोणती अट लिहून घ्यावी, हे अनुभवी धावपटूंनी कृपया सांगावे.