मदत हवी आहे: जेंटामायसिन आणि ऑक्सिजनचा घोळ
मायक्रोबायोलॉजीवाले कोणी आहे का इथे? ग्राम स्टेन (रंगावरून बॅक्टेरियाचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असे गट पाडायची पद्धत) डोक्यात बसलंय, पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड म्हणून जांभळा रंग टिकतो, निगेटिव्हचा अल्कोहोलने सुटतो नि मग सॅफ्रॅनिनने गुलाबी दिसतात वगैरे. घोडं अडलंय मेटाबॉलिझमपाशी. जेंटामायसिन या अँटिबायोटिकला बॅक्टेरियाच्या पेशीत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन (पेशीला ऊर्जा मिळवून देणारी साखळी) लागते म्हणून बॅक्टेरॉइड्ससारख्या ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या बॅक्टेरियावर ते चालत नाही, इथवर ठीक. पण ई. कोलाय तर फॅकल्टेटिव्ह ना, ऑक्सिजन असो नसो जगतोच, मग गळवाच्या आत जिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच तिथे तोही या औषधाला दाद देणार नाही का? की ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून त्याची चेन चालू राहते आणि औषध थोडंफार आत जातं? सरांना विचारलं तर "व्हायवाला येत नाही" म्हणाले, झालं! कोणीतरी नीट समजावून सांगा ना, व्हॉइस नोट टाकलीत तरी चालेल.