पोरगं नेपाळला निघालंय सेवेला... तुम्ही गेला असाल तर सांगा

कॅम्पातली आई

आमच्या चर्चच्या तरुण संघाने जानेवारीत नेपाळला जायचं ठरवलंय. २०२३ च्या ३ नोव्हेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास जाजरकोटला भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली, तिथे. चौदा जण, दहा दिवस. लखनौपर्यंत रेल्वे, मग रुपैडिहाला सीमा ओलांडून नेपाळगंज आणि तिथून डोंगरात. पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, टाळ्या झाल्या, भगिनी मंडळाने लाडू-चिवडा अंगावर घेतला. आमचे चिरंजीव बावीस वर्षांचे, बी.कॉम. घरात फ्यूज उडाला तर मला हाक मारतात. ते तिथे शाळेच्या खोल्या बांधणार आहेत म्हणे.

मी आडकाठी करत नाहीये. पण टाळ्या वाजवताना मनात आलं, ही पोरं तिथे जाऊन नक्की करणार काय? आणि केलेल्या कामाचं मागून काय होतं? कोणी चर्चच्या गटाबरोबर परदेशी सेवेला गेलं असेल (ख्रिस्ती असा, नसा), किंवा असे गट तुमच्या दारी आले असतील, तर लिहा. काय नेलं, काय कामी आलं, कशाची लाज वाटली. सुविचार नकोत. धर्मांतराचा वादही नको. त्यातलं डोळ्यांनी काही पाहिलं असेल तेवढंच सांगा.

नगरी माणूस

जय ख्रिस्त ताई. आम्ही २०१५ च्या मेअखेरीस गेलो होतो, अकरा जण. २५ एप्रिलला ७.८ चा मोठा धक्का बसला, १२ मेला परत ७.३ चा, आणि त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी आम्ही. नगरवरूनच गोरखपूरच्या गाडीत बसलो, सुनौलीला सीमा ओलांडून बसने काठमांडू, तिथून सिंधुपाल्चोक. त्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त माणसं गेली.

मंडळीने नऊ गोणी कपडे दिले होते. उत्साह एवढा की एकाने लग्नातला कोट घातला गोणीत. गाडीत त्या गोण्यांपायी टीसीशी भांडणं, सीमेवर हमाली, बसच्या टपावर बांधा-सोडा. वर पोचलो तर रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग आधीच पावसात भिजत पडलेले. आमच्यासारखेच कुणीकुणी आणून टाकलेले. आमच्या साड्या गेल्या, पण कशासाठी? एका बाईने तीन साड्यांना पीळ भरून दोर केला आणि त्याने ताडपत्री बांधली. एकीने म्हशीला सावली केली.

लोकांना हवे होते पत्रे. तिकडे 'जस्ता पाता' म्हणतात. पावसाळा तोंडावर, घरं दगड-मातीची, पार बसलेली. आम्ही गोण्यांच्या हमालीत घालवला त्या पैशात बरेच पत्रे आले असते, हे हिशेब करून कळलं. मग काठमांडूच्या एका भावाकडून उसने घेऊन काही पत्रे आणले. रस्ता संपला तिथून दीड तास चढ. मी जिमला जाणारा माणूस, दोन पत्रे खांद्यावर घेतले आणि पहिल्या वळणाला बसलो. माझ्यामागून एक पन्नाशीची बाई आली, कपाळाला नाम्लो लावलेला (पट्टा असतो, ओझं पाठीवर आणि भार कपाळावर), तिने माझे दोन तिच्या चारांवर टाकले आणि निघून गेली. एकदा मागे वळून बघितलं, हसली नाही, एवढे तिचे उपकार.

मग मला काम मिळालं ते खिळ्यांचं. पडलेल्या घरांच्या लाकडातून वाकडे खिळे उपसायचे आणि दगडावर ठेवून हातोडीने सरळ करायचे. एक म्हातारबाबा शेजारी बसायचे. ते एका ठोक्यात सरळ करायचे, मला चार लागायचे आणि एक बोटावर बसायचा. दुसऱ्या दिवसापासून ते वाकडा खिळा आधी स्वतः अर्धा सरळ करून माझ्याकडे सरकवायला लागले. चार दिवस हेच. भाषा येत नव्हती, गरजही पडली नाही.

आता तुम्ही म्हणालात डोळ्यांनी पाहिलेलं सांगा, तर सांगतो. नेपाळात शनिवारी सुट्टी, त्यामुळे तिथल्या मंडळ्यांची उपासना शनिवारीच. भूकंपही शनिवारी दुपारी बाराच्या जरा आधी झाला. शाळा बंद म्हणून पोरं वाचली, पण उपासनेला जमलेली माणसं चर्चखाली गेली. आम्ही ज्या पास्टरांकडे उतरलो त्यांच्याही जवळची माणसं त्यात होती. आमच्यातल्या एकाने तांदळाच्या पिशवीबरोबर पत्रकं वाटायला सुरुवात केली. पास्टरांनी ती एकेकाच्या हातातून परत घेतली, शांतपणे, आणि आम्हाला बाजूला नेऊन म्हणाले, "आप लोग तो चले जाओगे, गाँव में मुझे रहना है." दुसऱ्याचं धर्मांतर करायला तिथे तेव्हाही कायद्याने मनाई होती, त्याच वर्षी सप्टेंबरात नवं संविधान आलं त्यातही ती आहे. पण ते कायद्याचं बोलत नव्हते. तांदळाच्या रांगेत सगळ्या घरांची माणसं होती, आणि उद्या पाण्याच्या नळावर त्यांनाच तोंड द्यायचं होतं.

पत्रकंवाला माझा सख्खा मेहुणा. परतीच्या गाडीत झाशीपर्यंत आमचं बोलणं नव्हतं.

२०१८ ला मी स्वतःच्या पैशाने परत गेलो. सरकारने घरामागे तीन लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने दिले होते, इंजिनिअर बघून गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. बऱ्याच जणांचं घर उभं होतं. आमचे पत्रे गोठ्यांवर होते. मला बरं वाटलं.

कंपाउंडवाला

मी दुसऱ्या बाजूचा. वडील मिशन इस्पितळात कंपाउंडर, लहानपण तिथल्याच कंपाउंडात गेलं, सत्तरच्या दशकात. नाताळ झाला की गोऱ्या पोरापोरींचा जथा यायचा, दोन-तीन आठवडे. आम्हाला बिनपैशाची सर्कस.

एका वर्षी त्यांनी नर्सेसच्या वसतिगृहाला रंग दिला. जुनी चुन्याची भिंत. त्यावर ह्यांनी झकपक ऑइलपेंट चढवला, फिकट निळा. आमच्या गवंडीकाकांनी खाणाखुणा करून सांगितलं, चुन्याच्या भिंतीला असला रंग नको, ओल आत कोंडते. पोरांना वाटलं काका कौतुक करतायत. पहिल्या पावसाळ्यात फुगे आले, दिवाळीपर्यंत गिलाव्यासकट पोपडे खाली. दुरुस्ती काकांनीच केली, अर्थात त्याचा फोटो कोणी काढला नाही.

फोटोंवरून आठवलं. माझा एक फोटो कुठल्यातरी अमेरिकन चर्चच्या ख्रिसमस कार्डावर छापून आला होता. खाली लिहिलेलं, अनाथ मुलगा. आईने ते कार्ड वडिलांना दाखवलं आणि म्हणाली, "बघा, आपण दोघं गेलो."

पण त्याच कंपाउंडात एक म्हातारा एकटाच यायचा, दर दोन वर्षांनी. तिकडे इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करायचा, इथेही तेच. निर्जंतुकीकरणाचं यंत्र, एक्स-रे, जनरेटर. भाषणं नाहीत, गाणी नाहीत. येण्याआधी पत्र टाकून विचारायचा, काय बंद आहे, कोणता भाग हवा. वडिलांना शेजारी उभं करून प्रत्येक स्क्रू त्यांच्याच हाताने काढायला लावायचा. शेवटच्या खेपेला पेटी ठेवून गेला. त्यातला एक पेचकस अजून माझ्याकडे आहे, मुठीचं लाकूड घासून काळं झालेलं.

जाता जाता: ते अगदी जुने मिशनरी आले तेव्हा परतीचं तिकीट काढून आले नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरला, मराठी शिकला, १८२६ ला नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने गेला. त्यांच्याबद्दल भांडायला पुष्कळ आहे. पण भिंत चुन्याची आहे हे त्यांना कोणीतरी मराठीत सांगू शकलं असतं.

ह्यूस्टनची सोलापूरकर

मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या आजींच्या चर्चचा गट ग्वाटेमालाला चुली बसवायला जाणार होता, एक जण गळला, आजी म्हणाल्या चल. २०१९ ची गोष्ट. नवरा म्हणाला, "चूल बसवायला ग्वाटेमाला? तुझ्या आजीने आयुष्यभर मागितली तेव्हा कोण गेलं नव्हतं." तरी गेले.

आतितलान तळ्याच्या वरच्या डोंगरातलं गाव. घरात तीन दगडांची चूल, धुराड्याचं नाव नाही, भिंती काजळीने काळ्या. बायकांचे डोळे लाल. ह्यावर तिथे जुने प्रयोग आहेत. १९७६ च्या भूकंपानंतर चिखल नि वाळूची 'लोरेना' चूल तिकडेच निघाली, लोदो म्हणजे चिखल, अरेना म्हणजे वाळू. आमची मात्र तयार सुट्या भागांची होती, वर लोखंडी तवा, मागे धुराडं. मी विटा द्यायची आणि सिमेंट कालवायची. खरं काम गावातला गवंडी करायचा. भाषेची गंमत म्हणजे आमचं इंग्रजी, दुभाष्याचं स्पॅनिश आणि घरातल्या बाईचं काकचिकेल. एक वाक्य पोचेपर्यंत सिमेंट आळायचं.

दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई तोर्तिया थापत होती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवलेला, दळून आणलेलं ओलं पीठ, आणि हातावर थापणं. टप टप टप, दोन्ही तळहातांत फिरवत. मला राहवेना. मी गोळा घेतला आणि भाकरी थापतात तशी परातीत थापली, चांगली ताटाएवढी. पीठ आमच्या ज्वारीसारखं नाही, चिकट, पण जमली. ती बाई हसत सुटली, सासूला हाक मारली, शेजारणी आल्या. त्यांच्या तोर्तिया तळहाताएवढ्या. माझी भाकरी नव्या तव्यावर मावली, एवढीच त्या चुलीची माझ्याकडून झालेली चाचणी.

आता न आवडणारा भाग. निघायच्या आदल्या दिवशी पहिल्या घरी डोकावले तर नव्या चुलीवर टोपल्या ठेवलेल्या आणि जेवण शिजत होतं तीन दगडांवर. कोणी ओशाळलं नाही, मीच ओशाळले. कारण विचारलं. रात्री थंडी असते, सगळे उघड्या जाळाभोवती बसतात; नव्या चुलीचा जाळ आत बंद. शिवाय तोंड लहान, मोठं लाकूड फोडून घालावं लागतं, आणि फोडायचं कोणी, तर तिनेच. हे आम्हाला कोणी आधी विचारलं नव्हतं. इतर घरी वापरत होत्या, हेही खरं.

विमानात मी हिशेब केला. नऊ जण, माणशी १,९०० डॉलर, एकूण १७,१००. चूल आणि मजुरी मिळून तिथे दीडशेला पडत होती. म्हणजे न जाता ११४ चुली. आम्ही बसवल्या बारा. हा हिशेब आजींना दाखवला. त्या म्हणाल्या, "न जाता मी दीडशेच दिले असते बाळ, एकोणीसशे नाही." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजी दर वर्षी अजून त्या गवंड्याला पैसे पाठवतात, आता चर्चमार्फत नाही, थेट.

शाकाहारी असाल तर काळ्या घेवड्यावर आठवडा निघतो. प्रार्थनेच्या वेळी मी गप्प बसायचे, कोणी काही म्हटलं नाही.

वसईची

माझं मिशन नव्हे, पण आमच्या धर्मग्रामातल्या चौघी २०१७ ला फ्रान्सला लूर्दला सेवेला गेलो होतो. मरियामातेचं तीर्थक्षेत्र ते, आजारी माणसं तिथल्या पाण्यात स्नानाला येतात. तिथे स्वयंसेवक स्वतःच्या खर्चाने येतात आणि पहिली काही वर्षं शिकाऊच असतात. आल्या आल्या कोणी तुम्हाला आजाऱ्याला हात लावू देत नाही. हे मला फार आवडलं. मला स्नानकुंडांशी ओल्या चादरी पिळायचं काम दिलं. बर्फासारखं पाणी, बोटं सुजली.

एका दुपारी साड्या नेसलेल्या आठ-दहा म्हाताऱ्या आल्या, तामिळ बोलणाऱ्या. स्नानानंतर थरथरत उभ्या, आणि युरोपियन बायकांच्या हातात सहा वार कापड, कुठून सुरू करायचं कळेना. मी चादर टाकली आणि पुढे झाले. अर्ध्या तासात दहा साड्या नेसवल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात उपयोगी अर्धा तास असावा.

ग्लासगोचा डॉक्टर

थोडक्यात. इकडच्या चर्चचं आफ्रिकेतल्या मलावीशी जुनं नातं आहे, तिथल्या ब्लँटायर शहराचं नावच मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावावरून. मी एका गटाबरोबर दोन आठवडे तपासणी शिबिरात होतो. पहिल्या दिवशी रक्तदाबाच्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या दिल्या. संध्याकाळी तिथल्या क्लिनिकल ऑफिसरने (डॉक्टर नसतो, पण रुग्ण तोच तपासतो) विचारलं, एकतिसाव्या दिवशी काय? आम्ही आणलेली गोळी त्याच्या दवाखान्यात मिळतच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे मिळणारीच औषधं लिहिली. तिथे प्रत्येकाकडे स्वतःची आरोग्यवही असते, 'हेल्थ पासपोर्ट' म्हणतात, चुरगळलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली. त्यात वाचता येईल अशा अक्षरात लिहिणं हे माझं त्या दोन आठवड्यांतलं मुख्य योगदान. माझं अक्षर पाहिलेल्यांना ते किती अवघड होतं हे कळेल.

कॅम्पातली आई

सगळ्यांचे आभार. धागा छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. चिरंजीवांनी वाचला आणि 'अनाथ मुलगा' वाचून खूप हसले, मग बराच वेळ गप्प. काल संघाची बैठक झाली. पाळकसाहेबांनी नेपाळगंजच्या पास्टरांना फोन लावला आणि पहिल्यांदाच विचारलं की तुम्हाला काय हवंय. ते म्हणाले चौदा नको, पाच या, आणि त्यातला एक वेल्डिंग येणारा असू द्या. म्हणजे आमचे चिरंजीव जातील की नाही माहीत नाही. सध्या ते रोज संध्याकाळी भवानी पेठेत ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन बसतात. शर्टाला दोन भोकं पडलीत.

नगरी माणूस, एक विचारायचं राहिलं. भगिनी मंडळाने साठ स्वेटर जमवलेत. जानेवारीची थंडी आहे, पाठवू ना?

नगरी माणूस

ताई, पास्टरांना विचारा. ते हो म्हणाले तरच, आणि मापं विचारून. नाहीतर बांधकामाचे चामडी हातमोजे द्या, साठ जोड, ते कुठेही खपतात. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, पोरांना सांगा आधार चालत नाही. पैसे शंभराच्या नोटांत न्या. आणि पोराला हातोडी धरता येते का बघा. नसेल तर घरात वाकडे खिळे असतीलच.