सोसायटी ग्रुप : तारकर्ली-गणपतीपुळे झालं, आता कोकणात कुठे?

ए-१०४ : मंडळी, दिवाळीनंतर चार दिवस सुट्टी जमून आलीय. आम्ही चौघं आणि सासूबाई. गणपतीपुळे, तारकर्ली, जंजिरा सगळं झालंय. गर्दी नसेल, मुलांना काही नवीन बघायला मिळेल आणि सासूबाईंना फार चढउतार पडणार नाही, असं कोकणात कुठे जावं?

सी-२०१ : वहिनी, मागच्या वर्षी आम्ही मित्रांनी तीन दिवसांत अकरा स्पॉट केले. यादी टाकतो. हातात गाडी असली की सहज होतं.

बी-३०२ : यादी टाक रे, उपयोगी पडेल. पण वहिनी, अकरा ठिकाणं करू नका. माझं गाव राजापूर तालुक्यात, म्हणून हक्काने सांगतो. कोकणात अंतर किलोमीटरवर मोजता येत नाही. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं आणि मधे खाडी असते. एकच पट्टा धरा आणि तिथेच राहा. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे, आंबोळगड. एवढ्यात तुमचे चार दिवस भरतात.

ए-१०४ : काका, यातलं पावस सोडून एकही नाव ऐकलेलं नाही!

बी-३०२ : म्हणूनच सांगतोय. पूर्णगड मुचकुंदी नदीच्या मुखावर आहे. किल्ला लहान, अर्ध्या तासात फिरून होतो, पण तटावरून खाडी समुद्राला मिळताना दिसते. तिथून पुढे कशेळी. कशेळीला मात्र पूर्ण दिवस द्या.

तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या कातळात हत्ती कोरलाय. साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. जवळ उभं राहिलं तर हत्ती आहे हे कळतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. मी लहानपणी त्याच सड्यावरून गुरं घेऊन गेलोय, पण तो हत्ती आहे हे मला पन्नाशीनंतर समजलं. हळूहळू बाजूने फिरलं की आधी पाय दिसतात, मग सोंड. आणि पोटात बघावं तर मासे, पक्षी, जनावरं, एकात एक गुंतलेली. मुलांना प्रत्येकी एक वही द्या आणि सापडेल ते काढायला सांगा. दोन तास जागचे हलणार नाहीत.

डी-५०३ : ही कोकणातली कातळशिल्पं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून ती उजेडात आणली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत त्यांची नोंद झाली. महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं एक. आपल्याकडची कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी. नेमकी किती जुनी यावर अभ्यासकांत अजून चर्चा आहे, पण प्रागैतिहासिक मानली जातात.

सी-२०१ : बाई, तिथे ड्रोन उडवला तर पूर्ण चित्र एका फ्रेममध्ये येईल ना?

डी-५०३ : येईल. पण आधी गावात विचार, परवानगी लागते का ते बघ. आणि एक कळकळीने सांगते. फोटोत रेघा उठून दिसाव्यात म्हणून कोणी खडू किंवा चुना भरतात. मी एका ठिकाणी तो पांढरा थर बघितला आणि परत येताना दिवसभर मला काही सुचलं नाही. जांभा दगड मऊ. बूट घालून त्यावरून चालणं, पाणी ओतणं, आत बसून फोटो काढणं, यातलं काहीही करू नका. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात रेघेची सावली आपोआप पडते, मग काही भरावं लागत नाही.

बी-३०२ : बाई, अगदी मनातलं बोललात.

वहिनी, कशेळीतच कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याची देवळं आपल्याकडे फार थोडी. गावात कथा सांगतात ती अशी, की स्वारीच्या भीतीने सौराष्ट्रातून सूर्यमूर्ती गलबतात घालून नेत होते. कशेळीच्या किनाऱ्याजवळ गलबत अडलं, काही केल्या हलेना, तेव्हा नावाड्याने एक मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली. पुढे कनका नावाच्या भक्तिणीला दृष्टांत झाला, तिने मूर्ती गावात आणवली. तिच्या नावावरून कनकादित्य. ती गुहा म्हणजे देवघळी, खाली समुद्र. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो, त्या दिवसांत गेलात तर मी सोबत येईन!

एफ-१०१ : देवघळीला जपून. आम्ही एकदा खडकावर बसून डबा खात होतो, पाणी चढलेलं कळलंच नाही. मागची वाट बुडाली आणि मुलीला खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून आलो. आजही आठवलं की छातीत धडधडतं.

बी-३०२ : म्हणून तिथी बघायची. आमच्याकडे हिशेब सोपा, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा खडकात अजिबात उतरायचं नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही. आणि हे असलं तरी तिथल्या मच्छीमाराला विचारूनच खाली जा.

ए-१०४ : हे लिहूनच ठेवते. विजयदुर्ग जवळ आहे का? तिथे हेलियमचा शोध लागला असा फॉरवर्ड फिरतो.

डी-५०३ : तो फॉरवर्ड दुरुस्त करूया. हेलियमच्या शोधाशी दोन खगोलशास्त्रज्ञांची नावं जोडली जातात, फ्रान्सचे जान्सेन आणि इंग्लंडचे लॉकियर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन गुंटूरला होते. त्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांचं निरीक्षण तिथूनच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधलं. पण २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला लॉकियर खरोखर विजयदुर्गला आले होते. ही गोष्ट मुलांना सांगा, तीही काही लहान नाही.

बी-३०२ : नाटे गावचा यशवंतगड आणि आंबोळगड बघून झाले की पुढच्या दिवशी विजयदुर्गला जाता येईल. गेलात तर किल्ल्यावरच थांबू नका. गिर्येचं रामेश्वराचं देऊळ बघा. जांभा कापून खोल वाट केलीय, त्यातून उतरत देवळात पोचायचं. दुपारच्या उन्हातसुद्धा त्या वाटेत गारवा असतो.

एफ-१०१ : आमच्या दापोलीकडचं कोणी सांगेना म्हणून मीच सांगते. पन्हाळेकाजी! नदीकाठी २९ लेणी, आणि आम्ही गेलो तेव्हा रखवालदार सोडून कोणी नव्हतं.

डी-५०३ : पन्हाळेकाजी माझ्या जिव्हाळ्याचं. एकाच डोंगरात आधी हीनयान बौद्ध, मग वज्रयान म्हणजे तांत्रिक बौद्ध, मग शैव आणि नाथपंथी. एकाने कोरलेलं दुसऱ्याने मोडून टाकलं नाही, आपल्या उपासनेसाठी वापरात घेतलं. जरा दूर असलेल्या २९ व्या लेण्यात नाथपंथातल्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मूर्ती आहेत. इथे शिलाहार राजांचा ११३९ सालचा ताम्रपट मिळाला. मी शाळेच्या मुलांना घेऊन गेले होते, एक मुलगा निघताना म्हणाला, बाई, इथे कोणी भांडलंच नाही का? मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही. वहिनी, पण तिथे पायऱ्या उतराव्या लागतात, सासूबाईंना जड जाईल.

सी-२०१ : मी अकरापैकी अलिबागकडचं एक केलं होतं, कोर्लईचा किल्ला. खालच्या गावात लोक आपसात वेगळीच भाषा बोलत होते, काही कळेना.

डी-५०३ : ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली. गावकरी तिला नौ लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. जगात दुसरीकडे कुठे बोलली जात नाही. तुला ऐकायला मिळाली हे भाग्य.

सी-२०१ : खरंच माहीत नव्हतं बाई. दहा मिनिटं थांबलो फक्त, पुढचा स्पॉट गाठायचा होता. पुन्हा जाईन.

ए-१०४ : ठरलं. कशेळी-आडिवरे. पन्हाळेकाजी पुढच्या खेपेला, दोघंच जाऊ. जेवणाचं काय काका? हॉटेलं आहेत?

बी-३०२ : फार नाहीत. घरगुती राहायची सोय बघा आणि जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, ते माणसं मोजून भात टाकतात. आयत्या वेळी पाच जण गेलात तर ते नाही म्हणणार नाहीत, पण घरातल्या बाईची धावपळ होते. सड्यावर सावली नाही, टोपी आणि पाणी भरपूर घ्या. तारखा कळवा, तिथी बघून कुठल्या दिवशी देवघळी करायची ते मी लिहून देतो.

ए-१०४ : १४ ते १७.

बी-३०२ : थांबा, पंचांग आणतो.