रोगतपासणीच्या पट्टीवरची फिकट रेघ उजेडाने गडद करता येते, ही सोय आपल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) यायला हवी

खाडीकाठ (मालवण): गेल्या पावसात आमच्या काकांना थंडीताप आला, मलेरियाची पट्टी लावली, आणि रेघ आहे की नाही यावर तिघं जण ती खिडकीशी धरून बघत होते. रात्रभर घरात कोणी झोपलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या हॅडली साइक्स यांच्या गटाने 2015 मध्ये कागदावर वेगळीच रीत दाखवली, अँटिबॉडीला (रोगाची खूण नेमकी पकडणारं प्रथिन) इओसिन हे रंगद्रव्य जोडायचं, मोनोमरचा (एकमेकांना जोडून साखळी बनवणारे छोटे रेणू) थेंब टाकायचा, हिरवा उजेड पाडायचा, की जिथे इओसिन बसलंय तिथेच जेल धरतं आणि त्यात अडकलेलं फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं द्रव्य आम्लारीच्या थेंबाने भडक गुलाबी होतं. होडीला फायबर मारताना चमचाभर हार्डनरने डबाभर रेझीन धरतं ना, तसंच.

फायबरवाला (हर्णे): धरतं खरं, पण रेझीनचा वरचा थर हवेने चिकटच राहतो. मग उघड्यावरचा एवढासा थेंब कसा धरणार?

खाडीकाठ: बरोबर पकडलंत भाऊ, हवेतला ऑक्सिजन मोनोमरची साखळी तोडतो. पण इथे इओसिन ऑक्सिजनमुळेच परत तयार होतं आणि पुन्हा कामाला लागतं, म्हणून तर ते निवडलंय.

लॅबवाली (चिपळूण): मी रोज पट्ट्या वाचते, मला नाही पटत. भातकापणीला आपल्याकडे भीती लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची), आणि त्याची रॅपिड टेस्ट बहुतेक आयजीएम, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर बनवतं ती अँटिबॉडी, बघते, ती अंगात तयार व्हायलाच पाच-सात दिवस जातात. रक्तात जी नाहीच ती उजेड टाकून कुठून दिसणार? शिवाय पट्टी धुणं कमी पडलं तर चुकून चिकटलेलं इओसिनही तसंच गुलाबी होणार, उजेड जास्त वेळ राहिला तरी नको तिथे जेल धरणार. निगेटिव्ह माणसाला पॉझिटिव्ह सांगायचं का?

खाडीकाठ: ताई, आयजीएमचं मान्य. पण पहिल्या आठवड्यात जंतू स्वतः रक्तात असतात, थोडे असतात म्हणून साध्या पट्टीला सापडत नाहीत, मग सिग्नल वाढवायची गरज तिथेच नाही का? आणि एन्झाइमवाल्या टेस्टला फ्रिज लागतो, आमच्याकडे जुलैत दोन-दोन दिवस लाईट नसते. हिरवी एलईडी बॅटरीवर चालेल.

लॅबवाली: जंतूचंच प्रथिन पकडणारी चांगली अँटिबॉडी आधी हवी, उजेड नंतरची गोष्ट. ती मिळाली तर मी स्वतः वापरून बघेन, पण पावसाळ्यात, आमच्या दमट खोलीत, आणि प्रत्येक पट्टीवर शेजारी एक निगेटिव्ह ठिपका (जिथे रंग येताच कामा नये असा) ठेवून. तो पांढरा राहिला तरच मी गुलाबीवर सही करणार.