मदत हवी आहे : स्की लिफ्टच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्यांना काय म्हणावे आणि आपण कसे उभे राहावे?

मंडळी, नमस्कार.

मी जळगावची. येत्या जानेवारीत आमचे आणि माझ्या धाकट्या दिरांचे अशी दोन कुटुंबे गुलमर्गला जाणार आहेत. मुले तिथे स्कीइंगचा प्राथमिक वर्ग करतील आणि मोठ्यांपैकी ज्यांना झेपेल ते सोबत शिकतील. मुक्काम, गरम कपडे, भाड्याने मिळणारे बूट यांविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते. लिफ्टच्या रांगेत कसे वागावे, कोणी मध्ये घुसले तर त्याला कोणत्या शब्दांत थांबवावे, आणि कोणाचे पुढे जाणे हे घुसणे नसून तिथली रीतच असते, याविषयी मात्र मला मराठीत काहीच मिळाले नाही. गुलमर्ग, औली किंवा परदेशात स्कीइंग केलेल्यांनी आपल्या अनुभवावरून सांगावे, ही विनंती.

एवढ्या लहान गोष्टीसाठी धागा कशाला, असे काहींना वाटेल, म्हणून कारण सांगते. गेल्या हिवाळ्यात आम्ही हिमालयातल्या दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. नाव देत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नाही. तिथे चेअरलिफ्टपाशी, म्हणजे फिरत्या दोराला टांगलेल्या खुर्च्यांत बसवून वर नेणाऱ्या लिफ्टपाशी, दोऱ्या बांधून आखलेली रांग नव्हती. मोकळी जागा पुढे निमुळती होत जाई आणि तिथूनच जो तो वाट काढी. आम्ही बराच वेळ उभे असताना बाजूने एक मोठा गट आमच्या पुढ्यात येऊन थांबला आणि त्यातल्या एकाची स्की माझ्या मुलीच्या स्कीवर चढली, त्यामुळे तिला पाय हलवता येईना. माझ्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, आधी तोंडात आले तसे अहिराणीत ‘आम्ही बी रांगमाच उभा शेतस, भाऊ’ असे म्हटले आणि मग तेच हिंदीत सांगितले. ‘आमची माणसे पुढे आहेत’ एवढेच उत्तर आले. त्या रेटारेटीत मुलगी बसण्याच्या रेषेवर वेळेत पोहोचली नाही, खुर्ची तिला अर्धवट लागली आणि ती आडवी पडली. कर्मचाऱ्याने तत्परतेने लिफ्ट थांबवली, इजा झाली नाही; परंतु वर बसलेली सगळी माणसे तेवढा वेळ वाऱ्यात लटकत राहिली, आणि मुलगी त्या दिवशी पुन्हा लिफ्टकडे जायला तयार झाली नाही.

तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचते आहे, आणि माझी खात्री झाली आहे की स्की लिफ्टची रांग ही इतर रांगांसारखी नसते. पायांत माणसाच्या उंचीच्या जवळपास पोहोचणाऱ्या दोन पट्ट्या असतात. त्या पुढे आणि मागे दोन्हीकडे निघालेल्या असल्यामुळे नवशिक्याला चटकन बाजूला सरता येत नाही. स्कीच्या कडा पोलादी आणि धारदार असतात. शिवाय पुढची खुर्ची थांबत नाही. दोराला कायमची जखडलेली खुर्ची साधारण सेकंदाला दोन ते अडीच मीटर वेगाने येते आणि त्याच वेगाने तुम्हाला उचलते. नव्या पद्धतीच्या लिफ्टमध्ये खुर्ची स्थानकात दोरापासून सुटते व अगदी हळू फिरते, त्यामुळे तिथे बसणे सोपे जाते.

इथे एक गोष्ट आपल्या रावेर-सावदा भागातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगावीशी वाटते. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे सुरू झाली, आणि तिची कल्पना युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंते जेम्स करन यांना जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. त्या यंत्रात फिरत्या दोरावर ठरावीक अंतराने आकडे असत आणि प्रत्येक आकड्याला घड अडकवला जाई. करन यांनी आकड्यांच्या जागी खुर्च्या बसवल्या. ही माहिती वाचल्यावर रांगेचे महत्त्व मला नीट उमगले. दोर अखंड फिरत असतो, म्हणून त्याच्या तोंडाशी माणसे आधीच जुळून, ओळीने आणि योग्य संख्येने आलेली असावी लागतात. समजा चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी येते; म्हणजे तासाला ६०० खुर्च्या आणि २४०० माणसे. प्रत्येक खुर्चीत एकच जागा रिकामी गेली, तर तासाला ६०० माणसे खालीच राहतात. आपण रांग लांबण्याचा सगळा दोष घुसणाऱ्यांना देतो, परंतु ‘आम्हाला आमच्याच माणसांबरोबर बसायचे आहे’ म्हणून अर्धी खुर्ची रिकामी सोडणारे लोकही तिला तेवढेच लांबवत असावेत, असे मला वाटते.

परदेशांतली रीत मी वाचली आहे ती अशी : दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथे एकदा इकडचा गट आणि एकदा तिकडचा, असे आळीपाळीने पुढे जायचे. एकट्याने आलेल्यांसाठी बाजूला वेगळी रांग असते आणि जिथे जागा उरेल तिथे त्यांना बसवले जाते. अनेक ठिकाणी स्की शाळेच्या वर्गांना प्रशिक्षकासह वेगळ्या वाटेने पुढे सोडतात. म्हणजे बाजूने पुढे जाणारा प्रत्येक जण घुसखोर नसतो, आणि नवख्या माणसाने त्याच्यावर ओरडणे हा त्याच्यावर अन्याय होईल. गुलमर्गला कोंगडूरी या मधल्या स्थानकाहून वर जाणाऱ्या चेअरलिफ्टवर अशा वेगळ्या रांगा असतात का? प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना पुढे नेतो तेव्हा ती मान्य पद्धत समजावी का? आणि खाजगी वाटाड्या केवळ ओळखीच्या बळावर आपल्या पाहुण्यांना पुढे घालत असेल, तर त्यात आणि प्रशिक्षकाच्या वर्गात फरक कसा ओळखावा?

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे वर्तनाचे १० नियम मी वाचले. ते उतारावरच्या वागण्याचे आहेत : इतरांना धोका होऊ देऊ नये, आपल्या आवाक्यातल्या वेगाने जावे, मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून आपली वाट निवडावी, वगैरे. लिफ्टच्या रांगेविषयी त्यांत वेगळा नियम नाही, त्यामुळे ही बाजू बहुतेक रिवाजावर आणि कर्मचाऱ्याच्या शब्दावर चालत असणार.

आता माझ्या मनातला सर्वांत अवघड प्रश्न. आमच्याच घरात यावर मतभेद आहेत. एसटी स्टँडवर खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की ती जागा आपली, हे आपल्याकडे सर्वांनी मान्य केलेले आहे. त्याच न्यायाने एकाने लिफ्टच्या रांगेत उभे राहावे आणि बाकीच्यांनी बूट आवळून, चहा पिऊन सावकाश त्याच्यापाशी यावे, यात आमच्या दिरांना काहीही वावगे वाटत नाही. मला मात्र ते वावगे वाटते. मागे राहिलेल्या एखाद्या मुलाला त्याच्या आईपाशी जाऊ द्यावे, हे कोणीही समजून घेईल, कारण लहान मुलाने लिफ्टवर एकटे बसणे धोक्याचे आहे. पण एका उभ्या माणसाच्या नावावर सहा-सात जणांनी येऊन मिसळणे म्हणजे मागच्यांच्या दोन खुर्च्या घेणे आहे, आणि गेल्या वर्षी त्या गटाने आम्हाला दिलेले उत्तर नेमके हेच होते. उशिरा आलेल्यांनी शेवटी उभे राहावे, किंवा पुढच्याने रांग सोडून त्यांच्याकडे मागे यावे, अशी माझी भूमिका आहे. जाणकारांचे यावर काय मत आहे?

घुसणाऱ्याला थांबवण्याविषयीही सांगावे. एका परिचितांनी सुचवले की दोन्ही पोल, म्हणजे स्कीइंगच्या हातातल्या काठ्या, बाजूंना रुंद रोवून उभे राहावे, म्हणजे कोणी शिरत नाही. मला हे पटत नाही. पोलचे टोक शेजारच्या मुलाला लागू शकते. आप्पांसारखा वडीलधारा माणूस शांतपणे बोलूनही ऐकले जात नसेल, तर थेट कर्मचाऱ्याला सांगावे का, की तो खुर्च्यांकडे लक्ष देत असताना त्याला मध्येच बोलवणे चुकीचे ठरेल?

भर : प्रतिसाद देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. बऱ्याच जणांनी एक गोष्ट सारखीच सांगितली आहे, ती म्हणजे रांगेच्या तोंडापासून दूर, मोकळ्या जागी सगळ्यांनी आधी एकत्र जमावे, कोण कोणाबरोबर बसणार हे तिथेच ठरवावे आणि मगच रांगेत शिरावे. पोलचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही पोल एका हातात धरावेत, पाठपिशवी पुढे घ्यावी आणि मुलांना मोठ्यांच्या मध्ये बसवावे, हेही लिहून घेतले आहे. हे प्रतिसाद मी घरी वाचून दाखवले. दीर अजून पूर्ण सहमत नाहीत, पण सगळ्यांनी एकत्रच रांगेत शिरायचे, एवढे त्यांनी मान्य केले आहे.

एका ताईंनी लिहिले आहे की मुलगी घाबरत असेल तर बसण्याआधीच कर्मचाऱ्याला खूण करून लिफ्ट हळू करण्याची विनंती करावी, त्यात संकोच मानू नये. अमेरिकेतल्या स्कीअरांच्या आचारसंहितेतही लिफ्टवर चढण्या-उतरण्यासाठी मदत लागली तर कर्मचाऱ्याला सांगावे, असे स्पष्ट म्हटलेले आहे, तेव्हा आम्ही तसेच करू. घुसणाऱ्याशी वाद न घालता ‘भाईसाहब, बच्ची की स्की पर आपकी स्की है, ज़रा पीछे लीजिए’ असे म्हणावे, हा सल्लाही मला फार उपयोगी वाटला. रांगेचा हक्क नाकारणारा माणूसही मुलाच्या पायाचा विषय निघाला की सहसा मागे होतो, असे त्यांनी लिहिले आहे.

एक शंका मात्र राहिली आहे. नवशिक्यांच्या उतारावर दांडा धरून बर्फावरून ओढत नेणारी लिफ्ट असते, आणि तिच्यावरून मूल अर्ध्या वाटेत घसरून पडते, असे बरेचदा होते म्हणतात. पडल्यावर लगेच बाजूला सरकून मागून येणाऱ्याला वाट द्यावी, हे समजले. पण खाली परतल्यावर त्या मुलाने पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहायचे असते, की कर्मचारी त्याला पुढे घेतो? गुलमर्गच्या वर्गांत जे प्रत्यक्ष शिकले आहेत, त्यांनी एवढे सांगितले तर मुलांना निघण्याआधीच समजावून ठेवता येईल.